कवडूचं टिंब

कवडू हे नाव कोणी हौसेनं ठेवत नाही. पांढुर्ण्याच्या या कवडूच्या आधी त्याच्या आईची दोन लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून तिसरं जन्मल्या जन्मल्या शेजारणीच्या ओटीत घातलं आणि एक कवडी देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. म्हणजे नशिबाला वाटावं, या पोराची किंमत ती काय, एक कवडी. याच्याकडे कशाला लक्ष द्या. नशीब फसलं की नाही कोण जाणे, पण पोरगा जगला. आज तो पंचावन्नचा आहे, आणि पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत कोणत्याही गॅरेजात इंजिनाचा स्टड मोडून बसला की पहिला फोन त्यालाच जातो. लोक गमतीनं म्हणतात, नाव कवडीचं अन् हात लाखाचा. कवडू ते न ऐकल्यासारखं करतो, पण पुन्हा एकदा ऐकायला मिळावं म्हणून पाय जरा हळू टाकतो.

मोडका स्टड काढणं हे काय प्रकरण आहे, ते ज्याची गाडी कधी रुसली नाही त्याला सांगितलं पाहिजे. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, दोन्ही टोकांना आटे असलेला. एक टोक इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या जड झाकणात, रुतलेलं, दुसऱ्यावर नट. टर्बोवाल्या डिझेल गाडीत असे आठ स्टड मिळून ओतीव लोखंडाचा एक जड पंजा धरून ठेवतात. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिनातला जळका धूर त्यातूनच टर्बोकडे, गाडीला जोर देणाऱ्या पंख्याकडे, जातो. गाडी पळत असली की हा पंजा असा तापतो की जवळ हात नेववत नाही, आणि थांबली की निवतो. तापला की लांबतो, निवला की आखडतो. वर्षानुवर्षं ही ओढाताण सोसून एखादा स्टड तुटतो, बहुतेक वेळा कडेचा. मग सकाळी गाडी सुरू केली की टिक टिक टिक असा आवाज येतो, चढावर गाडीचा दम तुटतो, आणि स्टडचं अर्धं टोक हेडमध्येच अडकून राहतं. ते काढताना ड्रिल वाकडं गेलं की अख्खं हेड बाद. मोठमोठे मिस्त्री इथे हात टेकतात.

कवडू हात टेकत नाही. तो मोडक्या टोकावर एक नट ठेवतो, नटाच्या भोकातून वेल्डिंग करून दोघांना जोडतो आणि गप्प बसतो. गरम लोखंडाला मेणबत्तीचा तुकडा लावतो. मेण वितळून आट्यांत उतरतं. पुन्हा गप्प बसतो. मग पाना लावून नट एक केसभर पुढे, एक केसभर मागे, असा हलवत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, हा काही कामच करत नाही. आणि मग तो स्टड निमूटपणे फिरत बाहेर येतो. निघालेला प्रत्येक तुकडा तो संत्र्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यात खोचतो. पुठ्ठ्यावर आधीच आठ भोकं पाडलेली असतात, ज्या जागेचा स्टड त्याच जागेच्या भोकात. संत्र्याच्या गावात पुठ्ठ्याला तोटा नाही. गाडी परत नेताना मालकाला तो पुठ्ठा हातात मिळतो, की बाबा, हे तुझं जुनं, मोजून घे.

आणि नवा स्टड बसवण्याआधी कवडू आणखी एक गोष्ट करतो. पंच, म्हणजे टोकदार पोलादी कांडी, घेऊन स्टडच्या बाहेरच्या टोकावर एक बारीक टिंब मारतो. ते कोणाला दिसत नाही, दिसलं तरी समजत नाही.

ही सवय जिनिंगची. चौथीत नापास झाल्यावर शाळेनं कवडूचं नाव काढलं, तो कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये लागला आणि पुढे एकोणतीस वर्षं तिथेच फिटर होता. तिथले मनोहर मिस्त्री त्याचे उस्ताद. जिनिंगमध्ये यंत्रं दिवसभर थरथरतात, आणि चहूकडे कापूस उडत असतो. एखादा नट ढिला राहून निसटला, फिरत्या लोखंडावर आपटला आणि ठिणगी पडली, की संपलंच. मनोहर मिस्त्रींनी अशी एक आग डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या डाव्या कानाची पाळी त्या आगीत गेली होती. ते पोरांना सांगायचे, "एक हिसका जास्त झाला तं चालते, कमी झालेला चालत नाई." आणि ज्यानं जो नट आवळला त्यानं त्यावर आपली खूण करायची, म्हणजे उद्या काही झालं तर कोणाच्या हाताचं काम ते कळावं. कोणी रेघ मारायचा, कोणी फुली. कवडूनं टिंब घेतलं. हजेरीच्या वहीवर त्याची सही वाकडीतिकडी यायची, लोखंडावरचं टिंब मात्र बरोबर मध्यावर बसायचं.

जिनिंग बंद पडली, मनोहर मिस्त्री गेले, कवडूनं रस्त्याच्या कडेला टपरीएवढं दुकान टाकलं. त्यालाही आता सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत त्याच्याकडून गेलेलं काम तक्रार घेऊन परत आलं नाही. ही गोष्ट तो स्वतः कधी बोलत नाही. त्याची बायको प्रेमलता बोलते, ओट्यावर, नळावर, लग्नाच्या पंगतीत, आणि कोणी विषय काढला नसतानाही.

तर अशा या कवडूला मागच्या हिवाळ्यात एक बोलावणं आलं. सौसरहून बोरगावला जाताना वाटेत मोटार दुरुस्ती शिकवणारं एक केंद्र आहे. तिथल्या अपर्णा मॅडम स्वतः दुकानावर आल्या. पांढरी ओढणी, हाताला ग्रीस, असं ध्यान कवडूनं पहिल्यांदाच पाहिलं. त्या म्हणाल्या, "मिस्त्रीजी, दर मंगळवारी आमच्या मुलांना शिकवायला याल का? पुस्तकात मोडका स्टड काढायचं एक चित्र आहे फक्त. चित्र बघून कोणाला जमत नाही. मलाही जमलेलं नाही."

कवडूला वाटलं, थट्टा चालली आहे. "मॅडम, मी चवथी नापास आहो."

"मला ठाऊक आहे. आमच्या प्राचार्यांनाही ठाऊक आहे, तेच तर अडलंय. सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला वर्गावर कसं उभं करायचं, असं ते म्हणतात. मी त्यांना म्हटलं, एक दिवस बघा. एक मंगळवार. मग नाही म्हणा."

तो एक मंगळवार यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत कवडूला नीट झोप लागली नाही. पैशाचं त्याला काही नव्हतं. दुकान सोडून जायचं म्हणजे त्यात तोटाच. पण शाळेनं त्याला चौथीत बाहेर काढलं होतं, आणि आता शाळाच त्याला फळ्याच्या पुढे उभं राहायला बोलावत होती. मुलं त्याला काय म्हणतील, मिस्त्री म्हणतील, काका म्हणतील, की चुकून का होईना सर म्हणतील, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता. हे तो कोणाला सांगणार? प्रेमलतेला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत अख्ख्या पांढुर्ण्याला कळलं असतं. तिनं आपणहून पांढरा शर्ट काढून कडक इस्त्री केली. "गिरीस लागन ना वं त्याले," कवडू म्हणाला.

"लागू द्या. पन उभं राहाच्या टैमले तं पांढरा दिसन."

मंगळवारी सकाळच्या बसनं तो सौसरला उतरला. पिशवीत वेल्डिंगच्या काड्या, मेणबत्ती, पंच, आणि पेटीचा कोरा पुठ्ठा. केंद्राच्या शेडमध्ये वीसेक मुलंमुली गोल करून उभी होती, मधोमध एक पांढरी गाडी. पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं ती केंद्राला देऊन टाकली होती. टिक टिक करते, चढत नाही, दोन ठिकाणी दाखवली तर हेड गेलं म्हणाले, म्हणून कंटाळून पोरांना शिकायला दिली. मॅडमनी गाडी सुरू करून आवाज ऐकवला. कवडूनं मान वाकडी करून ऐकलं आणि बॉनेटकडे न बघताच म्हणाला, "दोन तुटले हायेत. दोनी कडचे." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना गंमत वाटली असावी. कवडूला मात्र पहिल्यांदाच बरं वाटलं.

इंजिन निवू दिलं, बॅटरीची तार काढली, टर्बो सोडवला, मॅनिफोल्ड उतरवला. खरंच दोन्ही कडेचे स्टड तुटलेले होते. एक हेडच्या पृष्ठभागाच्या जरासा वर, दुसरा आत. मधले सहा शाबूत होते, पण काजळीनं काळेठिक्कर. कवडूनं तारेचा ब्रश घेतला आणि पहिल्या शाबूत स्टडचं टोक घासलं.

टोकावर टिंब होतं. बरोबर मध्यावर.

कवडूनं दुसरा घासला. तिथेही टिंब. तिसऱ्यावरही. चौथा त्यानं घासलाच नाही. ब्रश हातात तसाच राहिला. ही गाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पण मग आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरनं नुसतं हेड आणून दिलं होतं, मॅनिफोल्डसकट, पोत्यात गुंडाळून. कवडूनं बाकावर ठेवून आठही स्टड नवे टाकले, नट आवळले, आणि हेड परत पोत्यात गेलं. गाडी कोणती ते त्यानं विचारलंही नव्हतं. म्हणजे काम परत आलं नव्हतं हे खरं, पण ते चांगलं झालं होतं म्हणून नव्हे. ते दुसऱ्यांच्या दारात भटकत होतं आणि शेवटी इथे, वीस पोरांच्या देखत, त्याची वाट बघत उभं होतं.

त्यानं ब्रश खाली ठेवला. हात सवयीनं कामाला लागले. वर असलेल्या मोडक्या टोकावर नट ठेवला, वेल्डिंगचा चष्मा चढवला, मुलांना तोंडं फिरवायला सांगितली. मेण लावलं. बसला. मुलं वाट बघत राहिली, कोणी जांभई दिली. केसभर पुढे, केसभर मागे. पहिला तुकडा निघाला. दुसरा आत होता, त्यावर आधी वेल्डिंगचा थर चढवून टोक वर आणावं लागलं, दोनदा नट निसटला, तिसऱ्यांदा धरला. तोही निघाला, आटे एकही न दुखावता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अपर्णा मॅडम सगळ्यांत जोरात. कवडूसाठी आयुष्यात कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि वाजल्या त्या नेमक्या आज.

बाकीचे सहाही काढून त्यानं पुठ्ठ्यात खोचले. मॅडमनी त्यातला एक उचलला, उजेडात धरला आणि मुलांना जवळ बोलावलं. "हे बघा. इथे, आट्यांच्या खाली. मान बारीक झाली आहे ना? हा स्टड ओढला गेलाय. ज्यांनी कोणी बसवला, त्यांनी गरजेपेक्षा जास्त आवळलाय. मॅनिफोल्डला तापून सरकायला जागाच ठेवली नाही. मग काय होणार, कडेचे दोन तुटले."

पुढे उभी असलेली शीतल, रामाकोन्याहून रोज बसनं येणारी, वर्गातली सगळ्यांत तोंडाळ पोरगी, वाकून बघत म्हणाली, "कोन्या येड्यानं आवळले वं मॅडम हे? ताकद दाखवून राहिला होता का?"

सगळे खदखदून हसले. मॅडमही हसल्या. कवडूनंही ओठ हलवले, कारण न हसणं बरं दिसलं नसतं.

मग चहाची सुट्टी झाली. मुलं बाहेर गेली. कवडू शेडमागच्या निंबाखाली कप घेऊन उभा राहिला आणि चहा निवत गेला. त्याच्या मनात जे चाललं होतं ते सांगायला लाज वाटण्याचं कारण नाही, तुमच्याआमच्या मनातही तेच चाललं असतं. टिंब कोणाला कळतं? कोणालाच नाही. मनोहर मिस्त्री असते तर त्यांनी ओळखलं असतं, ते गेले. गप्प राहायचं, नवे स्टड टाकायचे, टाळ्या घ्यायच्या, दुपारी प्राचार्य येतील त्यांना राम राम करायचा, की पुढच्या मंगळवारपासून वर्ग आपला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं जाणती माणसं उगीच म्हणत नाहीत. शिवाय ज्या मॅडमनी त्याच्यासाठी भांडण केलं त्यांचीही पत राहणार होती.

पण ती खूण कशासाठी होती? काम चांगलं झालं की शाबासकी मिळावी म्हणून मनोहर मिस्त्रींनी ती मारायला लावली नव्हती. वाईट झालं तर कोणाला धरायचं ते कळावं, म्हणून लावली होती. इतकी वर्षं कवडूनं टिंब मारलं आणि मनातल्या मनात मिरवलं. आज पहिल्यांदाच ते टिंब कामाला आलं होतं, आणि आजच ते नाकारायचं? कवडूला स्वतःचा फार राग आला. त्यानं थंड चहा निंबाच्या बुडाशी ओतला आणि आत गेला.

मुलं परत जमली तेव्हा तो पुठ्ठा हातात घेऊन उभा होता. "मॅडम, मले एक सांगाचं हाये. सगळ्याईले."

"बोला ना, मिस्त्रीजी."

"मघाशी या पोट्टीनं ईचारलं, कोन्या येड्यानं आवळले म्हून. तो येडा मीच आहो."

कवडूनं एक स्टड काढून टोक वर धरलं. "हे टिंब पाहा. हे माही खून हाये. मी बसवलेल्या हर एक स्टडवर असते. हे आठी माहेच."

शीतलचं तोंड लाल झालं. "काका, मले मालूम नव्हतं..."

"तू बराबर बोलली. शरमू नोको." मग तो सगळ्यांकडे वळला, आणि गंमत म्हणजे आता त्याचा आवाज मोकळा झाला होता. "मी जिनिंगचा फिटर. तिथं ढिला नट म्हंजे आग. आमच्या हाताले एकच शिकवलं, एक हिसका जास्त. तिथं ते बराबर होतं, आताही बराबर हाये. पन हे लोखंड येगळं. याले तापल्यावर हालाले जागा लागते. मी ते जागा देल्लीच नाई. मॅडमनं आत्ता सांगतलं तवा मले समजलं. आता असे कितीक मी आवळून ठेवले असन, देव जाने."

अपर्णा मॅडमनी ज्या माणसासाठी शब्द टाकला होता तो भर वर्गात स्वतःला येडा म्हणवून घेत होता. मग त्यांनी कवडूच्या हातातला स्टड घेतला, टिंबावर बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "मिस्त्रीजी, तुमचा हात किती आवळतो ते कधी मोजलंय?"

"हात कोन मोजते, मॅडम? पन मोजाच आता. माहा हात मोजा."

कपाटातून काट्याचा टॉर्क पाना आला, म्हणजे आपण किती जोर लावला ते तबकडीवर दाखवणारा. एक जुनं निकामी हेड बाकाच्या शिकंज्यात धरलं, त्यावर स्टड आणि नट. मॅडमनी फळ्यावर आकडा लिहिला, पंचवीस. या गाडीच्या पुस्तकात तेवढा सांगितला होता. कवडूनं तबकडीकडे न बघता, रोजच्या सवयीनं नट आवळला. शेवटचा हिसका मारला. शीतलनं काटा वाचला.

"बेचाळीस!"

कोणी हसलं नाही. कवडू फळ्यावरच्या पंचवीसकडे बघत राहिला. "अबब," एवढंच म्हणाला. "म्हंजे दुप्पटले थोडंच कमी."

त्यानं नट सोडला आणि पुन्हा आवळला, शेवटचा हिसका न मारता. चौतीस. पुन्हा सोडला. तीस. आता मुलं जवळ सरकली होती, कोणी बाकावर चढलं होतं. सत्तावीस. कवडूच्या कपाळावर घाम होता आणि पांढऱ्या शर्टाची वाट लागली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तेवीस. "कमी झाला," शीतल ओरडली. कवडूनं डोळे मिटले. मनोहर मिस्त्रींचा जळका कान त्याच्या डोळ्यांपुढे आला असेल, किंवा काहीच आलं नसेल. त्यानं पाना ओढला आणि एका जागी थांबला.

"पंचवीस," शीतल म्हणाली. मग घसा फाडून, "पंचवीस!"

"अजून येक बार," कवडू म्हणाला. पुन्हा पंचवीस. पुन्हा. चौथ्यांदा त्यानं डोळे मिटूनच नट आवळला आणि काटा सव्वीसला टेकला, तेव्हा त्यानं स्वतःच मान हलवली, "नाई, हा जास्त गेला," म्हणजे काटा वाचायच्या आधीच हाताला कळलं होतं. चुकलेला हात पन्नाशीनंतर सुधारायला दहा मिनिटं लागली. मी तर म्हणेन, ही माणसाच्या अभिमानाची गोष्ट आहे, आणि ज्याला वाटत नसेल त्यानं आपली एखादी सवय दहा मिनिटांत मोडून दाखवावी.

प्राचार्य दाराशी येऊन कधी उभे राहिले ते कोणाला कळलं नव्हतं. जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मॅडमना विचारलं, "हे काय सुरू आहे?" मॅडमनी सगळं सांगितलं, काही न लपवता, येडा हा शब्दसुद्धा. प्राचार्यांनी पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. कवडूला वाटलं, संपलं. शाळेनं पुन्हा एकदा बाहेर काढलं. पण वाईट वाटत नव्हतं, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"गाडी पूर्ण करा," एवढं बोलून प्राचार्य एका स्टुलावर बसले.

गाडी पूर्ण केली. उष्णता सोसणारे नवे स्टड, नवे नट, नवं पॅकिंग. मधल्या नटापासून सुरुवात करून कडेला जायचं, एकदा अर्ध्या जोरानं, एकदा पुऱ्या, हे मॅडमनी सांगितलं. आवळायचं काम कवडूनं शीतलच्या हातात दिलं. ती घाबरली. "काका, तुमी करा ना."

"मी केलं तं तू काय शिकशीन? लाव पाना."

ती लावत गेली, तो नुसता बघत राहिला. सगळं जोडून झाल्यावर मॅडमनी चावी फिरवली. इंजिन गार होतं, टिक टिक ऐकू यायची तर तेव्हाच आली असती. गाडी एकसारखी घुमत राहिली, दुसरा आवाज नव्हता. प्राचार्य उठले, कवडूजवळ आले आणि म्हणाले, "बरोबर कसं करायचं ते आमच्या पुस्तकात आहे. चुकतं कसं ते सांगणारा माणूस आमच्याकडे नव्हता. मंगळवारी वेळेवर येत जा." मग पुठ्ठ्याकडे बोट दाखवून, "आणि हा इथेच राहू द्या. काचेच्या कपाटात. खाली काय ते तुम्हीच लिहा."

लिहायला कवडूला स्टड काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. अक्षरं मोठी, वाकडी, एकमेकांना टेकलेली. पण लिहिली त्यानंच.

घरी येताना त्यानं त्या व्यापाऱ्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. व्यापारी नुसता हसला, की गाडी तर देऊन बसलो गा, आता काय. प्रेमलतेला मात्र त्यानं अर्धंच सांगितलं. काम मिळालं, एवढं. बाकीचं तिच्यापुढे बोलायची हिंमत झाली नाही. ओट्यावर आणि नळावर जे ती सोळा वर्षं सांगत आली होती, त्याचं काय करायचं?

पण गोष्टी लपत नाहीत. पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी प्रेमलता म्हणाली, मलाही यायचं आहे, बहिणीकडे सौसरला जायचंच आहे, जाता जाता तुमची शाळा पाहते. त्याला नाही म्हणता आलं नाही. केंद्राच्या दारातच कपाट. काचेआड पुठ्ठा, त्यात आठ काळे स्टड, दोन तुटके, आणि खाली तो कागद. प्रेमलता सातवी शिकलेली. तिनं बोट ठेवून वाचलं.

"हे स्टड मी जास्त आवळले. म्हणून तुटले. कवडू, पांढुर्णा."

नावाच्या खाली शाईनं एक ठसठशीत टिंब होतं, कागदाच्या बरोबर मध्यावर.

ती गर्रकन वळली. "अवो, हे काय होय? लोकं बक्षीस काचंत ठेवतात. तुमी चूक ठेवली? अन् वरून नाव लिवलं? मी साऱ्या गावात सांगून राहिली, यांचं काम परत येत नाई म्हून, आता माहं तोंड कुठी लपवू?"

"परत आलं तं आलं," कवडू म्हणाला. "माह्याच हातानं दुरुस्त झालं ना?"

ती आणखी काही बोलणार होती. एवढ्यात शेडच्या दारातून शीतलनं हाक मारली, "सर, चला ना, आमी कवाचे थांबून राहिलो!"

प्रेमलतेनं मागे वळून पाहिलं, कोण सर आले ते. मागे कोणीच नव्हतं. एक शिपाई होता, तो झाडत होता. तिनं पुन्हा पुढे पाहिलं, तर कवडू जायला लागला होता, पाय जरा हळू टाकत. शेडमध्ये पोहोचेपर्यंत आणखी दोघातिघांनी सर म्हणून हाक दिली.

प्रेमलता कपाटापाशी तशीच उभी राहिली. मग तिनं पदराचं टोक घेऊन काच पुसली, आधी हलक्या हातानं, मग चांगली खसखसून. कागद पुन्हा वाचला, या वेळी मोठ्यानं, शिपायाला ऐकू जाईल असा. शिपायानं काही विचारलं नव्हतं, मान वर करून पाहिलंही नव्हतं.

"आमचे हायेत हे," ती त्याला म्हणाली. "कवडू सर."